विणकर गल्लीकडची भिंत

गजानन रामचंद्र हावळ, वय वर्षे एकसष्ट, नगरपालिकेच्या शिक्षण समितीचे सभापती, सिद्राम गुरुजींच्या ओसरीवर मांडी घालून बसले होते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारीत होते.

“गुरुजी, शाळेस आपले नाव देण्यास आपली हरकत का असावी?”

गुरुजी खलबत्त्यात पान कुटीत राहिले.

त्या वर्षी नगरपालिकेने शहरात नव्या शाळा बांधावयास घेतल्या होत्या. त्यांतली पहिली पुरी झाली ती विणकर गल्लीला लागून. हावळांनी ती पोटच्या लेकरासारखी वाढवली होती. प्रयोगशाळा, वाचनालय, हवेशीर वर्ग... कशात म्हणून कसूर नव्हती. ज्यांनी आपल्या हाती प्रथम पाटी दिली त्यांचे नाव दर्शनी कमानीवर कोरावे, एवढी एकच हौस उरली होती.

उद्घाटन दुसऱ्या दिवशी होते. पाथरवट छिन्नी घेऊन खोळंबला होता. आणि गुरुजी हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते.

“आधी शाळा पाहीन,” गुरुजी म्हणाले.

“मोटार दाराशीच उभी आहे.”

“विणकर गल्लीतले कोणते मूल मोटारीने शाळेत जाते?... ज्या वाटेने मुले येतील, त्या वाटेने येईन.”

गुरुजी नव्वदीला टेकलेले. हावळांनी उन्हाची, दगडधोंड्यांची, गुडघ्यांची सबब सांगून पाहिली. गुरुजींनी काठी घेतली आणि ते पायरी उतरले देखील.

दोघे विणकर गल्लीत शिरले. उंबऱ्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरीत बसलेल्या तानुबाईने मान वर केली.

“गजा, मोटार इकलीस काय रं? का गुरुजींनी आजबी शिक्षा दिली?”

हावळ हसले. सभापती झाल्यापासून त्यांना या नावाने कोणी हाक मारली नव्हती.

पुढे गुरुजींची जुनी शाळा होती ती जागा लागली. आता तेथे सुताचे गोदाम आहे. पूर्वी ती कांजीची पडवी होती. सुताला खळ देण्याचे काम बंद पडल्यावर मालकाने ती शाळेला दिली होती. भुई सारवलेली, पत्रे गळके. पुस्तकांना देखील आंबूस कांजीचा वास येई. गल्लीच्या बाजूला एक खिडकी होती, तिला ना गज, ना दार. मुले पाढे म्हणू लागली की समोरच्या घरांतले माग जणू ताल धरीत. एखादा अडखळला की मागावरून त्याच्याच आईचा आवाज येई, “सात सत्ते एकोणपन्नास, मेल्या.” ती माउली शाळेची पायरी कधी चढली नव्हती. खिडकीतून जे बाहेर आले तेवढे ती शिकली होती.

हावळ तेथे क्षणभर थांबले. सबंध आयुष्य त्यांनी त्या गळक्या पत्र्यांची लाज बाळगली होती. पुढच्या मुलांच्या डोक्यावर भक्कम छप्पर असावे, या एका ध्यासाने ते इथवर आले होते. आणि आता तो आंबूस वास पुन्हा येतो का, म्हणून त्यांनी खोल श्वास घेतला...

गल्ली संपली. समोर भिंत होती. नवीकोरी, पिवळी, दोन पुरुष उंच.

“शाळा आली,” हावळ म्हणाले. “फाटक मात्र हमरस्त्याला आहे. बाजाराला वळसा घालून जावे लागेल.”

“मुलांनाही?”

“मुलांनाही.”

“या बाजूला दार का ठेवले नाहीस?”

हावळांनी कारणे सांगितली. गल्लीतल्या शेळ्या आत शिरतात, पत्त्यांचे डाव पडतात, बायका धुणे वाळत घालतात, मागांची खडखड अहोरात्र चालते. शाळेला शांतता हवी. समितीत हा मुद्दा त्यांनीच मांडला होता, आणि तो एकमताने मान्य झाला होता.

“गुरुजी, खरे सांगू? मूल एकदा आत आले की त्याने ही गल्ली विसरावी, अशी माझी इच्छा आहे.”

“तू विसरलास?”



गुरुजी भिंतीजवळ गेले. काठी त्यांनी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने, परक्याच्या दाराची कडी वाजवावी तशी, भिंतीवर थाप मारली. मग कान देऊन उभे राहिले.

पुन्हा थाप मारली.

उंबऱ्यांतल्या बायका कांड्या खाली ठेवून पाहू लागल्या. म्हाताऱ्याला चळ लागला की काय, असे कोणीतरी पुटपुटले.

“गुरुजी,” हावळ हलकेच म्हणाले, “इथे दार नाही.”

गुरुजींनी तिकडे लक्ष दिले नाही. भिंतीला तोंड लावून, वर्गात हाक मारीत त्याच आवाजात त्यांनी विचारले, “गजा आत आहे का?”

हावळ गोंधळले. “मी इथे आहे, गुरुजी. आपल्या शेजारी...”

गुरुजी वळले. त्यांनी हावळांकडे नीट, पुष्कळ वेळ पाहिले.

“तू बाहेर,” ते म्हणाले. “मग आत शिकणार कोण?”

उद्घाटन पुढे ढकलले गेले, आणि त्या भिंतीला विणकर गल्लीच्या बाजूने दार काढण्यात आले.