सापाचा मोडलेला पाय

फार वर्षांपूर्वी, सूर्योदयानंतर घटकाभराने, उंबरवनातल्या सरकारी दवाखान्यासमोर ही घटना घडली. त्या वनात उपचार फुकट होते. रुग्णाने खूण म्हणून केस, पीस किंवा कात ठेवायची आणि ती उपचार लिहिलेल्या पानासह दाखवून वैद्याने राजाच्या कोठारातून औषधाचा मध उचलायचा, असा रिवाज होता.

भेकरी पाय मोडलेलं पिल्लू घेऊन आली होती. तरस वैद्य म्हणाला, "हाडजोडीचा मध संपला, बाई. पौर्णिमेनंतर या."

"तोवर पाय वाकडाच सांधेल, वैद्यबुवा."

हे ऐकून रांगेत उभी असलेली टिटवी तडक कोठारात गेली. हाडजोडीच्या साऱ्या खुणा तिने उपसून पाहिल्या. एका पानावर लिहिले होते, 'पाय मोडला, फळ्या बांधल्या.' सोबत सापाची कात होती.

ती पान घेऊन राजाच्या सभेत उभी राहिली. "वैद्यबुवा, सापाचा कुठला पाय हो?"

"तुला औषधातलं काय कळतं?" तरस गुरकावला.

"औषधातलं नाही कळत. पाय मोजता येतात."

राजाने तरसाला हाकलले. पिल्लाला त्याच दिवशी फळ्या बांधल्या गेल्या. टिटवी मात्र सभेतून हलली नाही. त्याच पानाखाली कोठारी अस्वलाच्या पंजाचा ठसा होता: 'रुग्णाचा पाय स्वतः तपासला.' तिने ते पान अस्वलापुढे धरले. "कोठारीबुवा, तुम्ही कुठला पाय तपासलात?"