खुरप्याने काढलेली हरळी

खुरपी-कुदळीही भांडायच्या, त्या काळातली ही गोष्ट. सगुणाकाकूंचं खुरपं गुलाबाच्या आळ्यातल्या हरळीवर डाफरलं, "फुकटे, आज तुला मुळासकट उपटणार!"

"उपट बाबा, पण लांब टाकू नकोस. लागेन कधीतरी."

गुलाब फिदीफिदी हसला.

हरळीचा ढीग कुंपणाशी पडला, तोच उन्हाने काकूंचा घोळणा फुटला. नाकातलं रक्त काही थांबेना. शेजारच्या भागूबाई कुंपणावरून डोकावतच होत्या. त्या धावत आल्या. "अगं बाई, औषध उपटून टाकलंस की!" म्हणत त्यांनी तीच हरळी धुऊन वाटली आणि रस नाकात सोडला.

रक्त थांबलं. काकूंनी उरलेल्या काड्या स्वतःच्या हाताने पुन्हा आळ्यात लावल्या.

"गुलाबराव," हरळी म्हणाली, "जरा सरकता का?"