चार नारळ उरले

"सून आमच्याच रक्तातली हवी आणि नातवाचा जबडा मात्र सरळ हवा! काय औषध द्यायचं ते दे. नाहीतर तुझी सगळी मेंढरं जप्त!"

राजा गजकेतूचा हुकूम ऐकून धुरपा धनगरीण गारच पडली. तिच्या कळपात वाकडं कोकरू कधी जन्मत नाही अशी ख्याती, म्हणून तर तिला दरबारात बोलावलं होतं. तिनं मान वर करून पाहिलं. राजाचा जबडा पुढे, राणीचा त्याहून पुढे आणि युवराजांचा तर एवढा पुढे, की ते यायच्या आधी जबडाच दरबारात पोचायचा! आणि लग्न ठरत होतं सख्ख्या मामाच्या मुलीशी. तिचंही तेच!

"महाराज, मी तर दर दोन वर्षांनी बाहेरचा मेंढा आणते, एवढंच..."

"आमच्या शुद्ध रक्ताची तुलना मेंढरांशी?" राजा कडाडला.

धुरपानं जीभ चावली. जप्त झालेला कळप तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मग ती हळूच म्हणाली, "देते औषध. पण आधी आठ नारळ मागवा. युवराजांच्या आठ पणजोबा-पणज्यांच्या नावानं एकेक फोडायचा. आठ तर भिकाऱ्यालाही असतात!"

"एवढंच ना?" राजानं मिशीला पीळ भरला आणि वंशावळ सांगणाऱ्या भाटाला पुढे केलं.

भाटानं राजाच्या बाजूची चार नावं खणखणीत घेतली, चार नारळ फोडले. राणीच्या बाजूला वळला आणि अडखळला.

"महाराज, राणीसाहेब आपल्या मामांच्या कन्या. आणि मामी म्हणजे आपल्या सख्ख्या आत्या. साटंलोटं! या बाजूलाही तीच चार नावं."

"मग तीच घे पुन्हा!"

"चालायचं नाही," धुरपा म्हणाली. "एका माणसाला एकच नारळ!"

राजा उरलेले नारळ मोजू लागला.

"महाराज, मी रानातली बाई, पण माझे आठ जण आठ गावचे. युवराजांचं मात्र चारांतच भागवलंय! आपली वंशावळ लांबलचक खरी, पण रुंदीला वीतभर!"

"आणि औषध?" राजा पुटपुटला.

"हे उरलेले चार नारळ! परक्या मुलुखात न्या, तिथल्या घरातली मुलगी सून करा. नातवाचे आठ आपोआप भरतील!"

"आबासाहेब," युवराज घाईघाईनं उठले, "नारळ मी नेतो!"

राजा आधी युवराजांकडे बघत राहिला. मग असा खदखदून हसला, की जबडा सावरायला त्याला दोन्ही हात लावावे लागले. त्यानं धुरपाला चराईसाठी अख्खा डोंगर लिहून दिला आणि दुसऱ्याच दिवशी युवराजांच्या घोड्यावर खोगीर चढवायला सांगितलं.