न पुसलेला ओटा

“छतापर्यंत म्हणजे छतापर्यंत,” असे कापडाचा एक व्यापारी एकदा आपल्या बायकोला सांगत होता. आणि ते तो सकाळपासून सांगत होता. घरातले स्वयंपाकघर नव्याने मांडायचे ठरले होते. दुसऱ्या दिवशी सुतार यायचा होता, आणि खिडकीशेजारच्या भिंतीला उंच कपाट लावायचे की नाही एवढ्यावर सगळे गाडे अडले होते.

“माझ्या दुकानात छतापर्यंत फळ्या आहेत. इंचभर जागा वाया जात नाही.”

“दुकानात शिडीवर गडी चढतो,” बायको म्हणाली. “इथं गडी मीच.”

“अगं, पाहुणे आले की बघत राहतील. तुला हवंय तरी काय?”

“मला काही नको. ते कपाट नको.”

“का नको?”

तिने खांद्यावरच्या फडक्याने पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. माणूस नकाराने चिडतो त्याहून जास्त बिनकारणाच्या नकाराने चिडतो, तसा तो चिडला होता. ती मात्र चिडण्याच्या पलीकडे गेलेली, नुसती थकलेली दिसत होती.

दोघांच्या मधे आराखडा हातात घेऊन एक तरुण मुलगी उभी होती. लोकांची स्वयंपाकघरे मांडून देण्यात जिचे आयुष्य गेले अशा एका वृद्धेची ती शिष्या. कपाट तिनेच काढले होते, तिनेच खोडले होते, आणि पुन्हा काढले होते. मनातून ती व्यापाऱ्याच्या बाजूची होती. भिंत मोकळी आहे, घरात भांडी उदंड आहेत. मोकळ्या भिंतीला कपाट, यात वाद तो कसला? पण ऐकून ऐकून तिचे डोके भणभणले, आणि अखेर तिने गुरूला बोलावणे धाडले.

वृद्धा आली, ती दारातच थांबली. ओटा लख्ख होता. कपाटांच्या दारांवर बोटाची खूण नव्हती.

“तू मापं घेतलीस तेव्हाही असंच होतं?” तिने शिष्येला विचारले.

“हो आजी. वहिनी फार स्वच्छतेच्या आहेत. कुणी येणार म्हटलं की आधी सगळं पुसून घेतात.”

“तिथंच फसलीस.”

मग तिने एक चमत्कारिक गोष्ट केली. व्यापाऱ्याच्या बायकोच्या खांद्यावरचे ओटा पुसायचे फडके काढून घेतले, त्याची नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली, आणि ती त्यावर बसली.

“आता स्वयंपाक कर, बाई. मी उठेपर्यंत काही पुसायचं नाही.”

“आजी, पण कणकेचे हात सगळीकडे लागतील. खरकटं होईल.”

“होऊ दे.”

“फडक्यावर बसायला एवढ्या लांबून आलात?” व्यापारी म्हणाला.

“तुम्हीही बसा, शेठ. पान वाढायच्या आधी इथं कधी बसला नसाल.”

बाईने परातीत कणीक घेतली. ती सैल झाली, तेव्हा पीठ काढायला ती खाली वाकली. डबा कपाटात पार मागे होता. ती जवळजवळ आत शिरली आणि ओट्याची कड धरून उठली. मिठासाठी हात वरच्या उघड्या फळीकडे गेला, तेलासाठी पुन्हा खाली. दर वेळी तिचा हात सवयीने खांद्याकडे जाई आणि फडके नाही म्हणून तसाच परत येई. पोळ्या लाटून होत आल्या तेव्हा वृद्धा शिष्येला म्हणाली, “घे आता माप.”

शिष्या पाहू लागली. पिठाच्या कपाटाच्या दारावर कणीक थापल्यासारखी लागली होती. ओट्याच्या कडेला चारी बोटे उमटली होती. वरच्या जुन्या कपाटांना डागही नव्हता. आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर, जिथे काहीच नव्हते तिथे, एक अख्खा पंजा उमटला होता.

“इथं काय ठेवता, वहिनी?”

“काही नाही.” बाई तव्याकडे पाहत राहिली. “जरा टेकते तिथं. कंबर धरते माझी.”

शिष्येने आराखड्याकडे पाहिले. तिचे उंच कपाट नेमके त्या पंजावर उभे होते.

“भिंतीला विचारलंस तर भिंत म्हणणार, मी मोकळी आहे,” वृद्धा म्हणाली. “हाताला विचारावं. पण या घरची बाई आपल्या कष्टाची खूण स्वतःच पुसून टाकते आणि मग सगळ्यांना वाटतं, इथं काही होतच नाही. पीठ, मीठ, तेल कमरेपासून खांद्यापर्यंत असू दे. खाली दाराची कपाटं नकोत, ओढायचे खण कर. डबा बाईकडे आला पाहिजे, बाईनं डब्याकडे रांगत जायचं नाही. वर्षातून एकदा लागणारी भांडी वर जाऊ देत, शेठचा गडी येऊन काढील. आणि त्या भिंतीला एक स्टूल. बाकी काही नको.”

शिष्येने कपाट खोडले. या वेळी तिचा हात अडखळला नाही.

व्यापाऱ्याने वाकून ते खोडलेले कपाट पाहिले. पण हट्टही थकत थकतच मरतो.

“टेकायचंच तर बाहेर खुर्च्या आहेत की,” तो म्हणाला.

“बाहेर येऊन बसले की तुम्ही चहा मागता.”

“पण दारातून पहिली तीच भिंत दिसते. पाहुण्यांनी काय बघायचं? रिकामी भिंत आणि एक स्टूल?”

बाईने तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बारीक केला, आणि कणकेचा हात तसाच भिंतीला लावून ती उभी राहिली.

“पाहुणे जेवून जातात हो,” ती म्हणाली, “मी इथंच असते.”