एकेचाळीस घरांचा पैरा

शके एकोणीसशे चाळीस, मार्गशीर्ष महिना, थंडी ऐन भरात. सह्याद्रीतल्या एका वाडीत निवास नावाचा तरुण आपल्या गुरूकडे आला. गुरू म्हणजे राऊतात्या, दगडी बांध घालणारे वृद्ध गवंडी. निवास त्यांच्याच हाताखाली दगड बसवायला शिकला होता, आणि पुढे त्याने इंजिनिअरिंगची पदविका घेतली होती.

वाडीत विजेची तार आली होती, पण पावसाळ्याचे चार महिने ती नुसतीच तार असे, आणि एरवीही तिच्यावर कसेबसे दिवे लागत. ओढ्याच्या पाण्यावर वाडीने स्वतःची, धूर न करणारी वीज तयार करावी, यासाठी एका संस्थेने अनुदान मंजूर केले होते. मात्र ते केवळ आराखड्यासाठी. आराखडा अक्षय्य तृतीयेपर्यंत द्यायचा. तो पटला तरच यंत्रांचे पैसे मिळणार. नाही पटला, तर संस्था पुन्हा वाडीकडे वळणार नव्हती.

"आराखडा जवळजवळ झालाय, तात्या," निवास म्हणाला. "देवळात बसून सगळ्यांचे फॉर्म भरून घेतले. घरटी दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही. आता ओढ्याचं पाणी मोजलं की संपलं. तिथला बांध फुटलाय, तेवढा दुरुस्त करून घेऊ. मजुरीला पैसे आहेत."

"मजुरी द्यायची नाही," तात्या म्हणाले. "पैरा घे."

पैरा म्हणजे कामाची उधारी. आज तू माझ्याकडे राबलास, उद्या मी तुझ्याकडे राबेन. मध्ये पैसा नाही.

"आमचं सोडून एकेचाळीस घरं आहेत, तात्या! फेडणार कोण?"

"तू."

"अनुदानात मजुरी धरलीय. खर्च केली नाही तर परत जाईल."

"जाऊ दे."

निवासला याचा उलगडा झाला नाही. पण तात्यांशी वाद घालून कोणी जिंकल्याचे वाडीला ठाऊक नव्हते. घरटी एक माणूस आला. तात्याही कुदळ घेऊन उतरले. एका दिवसात बांधाचे भगदाड बुजले, पाणी मोजायची फळी बसली, आणि निवासच्या डोक्यावर एकेचाळीस दिवसांचे देणे झाले.

पौषात त्याने फेड सुरू केली. सकाळी फळीवरचे पाणी मोजायचे आणि एका घरी कामाला जायचे. कुठे शेणखत वाहिले, कुठे लाकूड फोडले.

"काय साहेब, हे कालिजात शिकवलं का?" शेणाची पाटी उचलून देताना एकाने टोमणा मारला.

"शिकवलं की. पण तिथं पाटी रिकामी असायची."

नवव्या दिवशी चांगुणाकाकूंनी त्याच्या डोक्यावर भाताचे पोते दिले. "चल गिरणीला."

गिरणी खालच्या गावात, डिझेलवर चालणारी. उतरायला एक तास, नंबर लागायला दोन, चढायला दीड. चढणीवर निवासला धाप लागली. काकू पुढे नाचणीच्या पिठाचा डबा घेऊन चालत होत्या.

"काकू, आठवड्यातून किती वेळा येता?"

"दोनदा. पावसात पण."

"फॉर्मात हे नाही लिहिलंत."

"फॉर्म आमच्या मालकांनी भरला. ते कधी गिरणीला आलेत? आणि तू तरी कुठं विचारलंस, बाबा? तू पंखे मोजत होतास."

त्या संध्याकाळी निवास तात्यांच्या अंगणात येऊन उभा राहिला. "माझा आराखडा चुकला."

तात्या म्हणाले, "मजुरीवर आलेला माणूस दिवस मावळला की पैसे घेऊन जातो. त्याचं नि तुझं तिथं मिटतं. मग तुला त्याच्या दारात जायचं कारण राहत नाही. तुला घराघरात काय अडतंय ते बघायचं होतं. ते देवळात बसून कळत नाही. विचारलं की माणूस शेजाऱ्यानं सांगितलं तेच सांगतो. दिवसभर राबलं म्हणजे अडचण अंगावर येते. म्हणून तुझ्यावर देणं ठेवलं. किती घरं झाली?"

"नऊ."

"मग अजून चुकेल. जा."

निवास गेला. राहिलेली घरे तो एकेक करून करत गेला. आता तो पोती मोजत होता, डोक्यावर वाहून. फाल्गुनात ओढा आटून एक तृतीयांशावर आला. त्याने आराखडा नव्याने मांडला: दिवसा गिरणी आणि भात सडायचे यंत्र, संध्याकाळी दिवे.

"आणि टीव्ही?" देवळातल्या मंडळींनी आवाज चढवला.

"पावसाळ्यात चालेल. चैत्रात ओढ्यात तेवढं पाणी नाही. मी रोज मोजलंय."

तो मागे हटला नाही. न खर्चलेली मजुरी त्याने संस्थेला परत केली आणि आराखडा वेळेत दिला.

वैशाखाच्या अखेरीस पत्र आले. निवास ते घेऊन धावतच तात्यांकडे गेला. तात्या घरामागच्या परड्यातला ढासळलेला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, नव्याने रचायला उतरवत होते.

"तात्या, मंजूर! यंत्रांचे पैसे मिळाले!"

"ऐकलं. ओरडू नको." तात्यांनी वर पाहिले नाही. "चाळीस घरं झाली. हे एक राहिलंय."

निवासने पत्र खिशात घातले, बाह्या वर केल्या आणि तो दगड निवडायला वाकला. दुपारी दोघांनी भाकरी खाल्ली, पुन्हा उठले. दिवस कलला तेव्हा शेवटचा दगड बसला. तात्यांनी त्यावर पाय देऊन पाहिले. तो हलला नाही.

पैरा फिटला.