पाकोळीच्या सुरकुत्या

खेळण्यातली विमानं ढगांशी गप्पा मारत, त्या काळची गोष्ट. कागदबाईच्या पाठीवर पाकोळीचं नाजूक चित्र वाढलं होतं. पाण्यात भिजताच ते अलगद घसरून चिमुकल्या विमानाच्या पंखावर गेलं. कुंचल्याने त्यावर चित्र मऊ करणारं औषध लावलं, तशी पाकोळी पार चुरगळली.

"अगं बाई, माझं लेकरू! कुंचलेदादा, ओढून सरळ करा ना तिला!"

"वहिनी, आत्ता ती सायीसारखी झालीय. धक्का लागला तर फाटेल. स्वस्थ बसा, वाळू दे."

कागदबाई जीव मुठीत धरून बसली. औषध वाळत गेलं, तशी पाकोळी पंखाच्या प्रत्येक खाचेत हळूहळू निजली. जणू पंखावरच उगवली.

"आई, किती शांत बसलीस गं!"

"शांत कसली? तुला ओढायला दहादा माझा कोपरा उचलला होता, दहादा आवरला."