चौथी वाटी

एकदा एका वृद्ध कारागिराच्या दारी एक व्यापारी आला आणि त्याने टेम्पोतून चक्क एक अंतराळयान उतरवले. यान लाकडाचे होते, चार हात लांबीचे. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका चित्रपटात त्याने आकाशगंगा ओलांडली होती, आणि त्यानंतर एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या गोदामात ते धूळ खात पडले होते. व्यापाऱ्याला अशा वस्तूंचा नाद होता. त्यांच्यासाठी त्याने एक दालनच बांधले होते, आणि हे यान तिथे ‘मूळ स्वरूपात’ पाहायला मिळेल, असे तो चार लोकांत बोलून बसला होता.

चित्रपटांतली अशी याने दुरुस्त करणे आणि त्यांची नोंद ठेवणे, हेच त्या वृद्धाचे काम. त्याच्याजवळ एक शिष्य सहा वर्षे शिकत होता. त्याचा हात असा, की मोडले कुठे होते ते शोधूनही सापडू नये. वृद्धाचा मात्र एक नियम होता. वस्तू आली की पहिले आठ दिवस हत्यार उचलायचे नाही. फक्त पाहायचे, छायाचित्रे काढायची, वहीत लिहायचे. शिष्याला ते आठ दिवस सुतकासारखे वाटत.

यानाच्या शेपटाशी चार वाट्या बसवलेल्या होत्या. त्यांतून आगीचे लोळ निघत आहेत, असा भास पडद्यावर होत असे. तीन वाट्या जागेवर होत्या, चौथी तुटून हरवली होती. आठ दिवस निरखल्यावर शिष्याला उरलेल्या वाट्यांच्या करड्या रंगाखाली उठावाची फुले दिसली. त्या सायकलच्या घंटांच्या वाट्या होत्या! एवढे मोठे यान घंटांवर चालले होते, हे पाहून तो मनापासून हसला. मग त्याने सायकलच्या दुकानातून एक जुनी घंटा आणली, तिची वाटी रंगवली, दिव्यावर धरून काजळली आणि जागेवर बसवली. व्यापाऱ्याने चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले. नवी कोणती, ते काही त्याला ओळखता आले नाही.

तो इतका खूश झाला, की चारही मूळच्याच म्हणून सांगायचे त्याने तिथेच ठरवले. शिष्याला त्याने बाजूला घेतले आणि स्वतंत्र कार्यशाळा काढून देण्याची तयारी दाखवली. शिष्याला आभाळ ठेंगणे झाले.

वृद्धाने ते सारे ऐकले. त्याने कोरणी घेतली आणि चौथ्या वाटीच्या आत ठळक अक्षरांत कोरले: ‘नवीन’. खाली शिष्याचे नाव आणि साल.

व्यापारी संतापला. वृद्ध शांतपणे म्हणाला, की हे नको असेल तर वाटी काढून घेतो, यान तीन वाट्यांचेच न्यावे. दालनात यान मांडण्याच्या समारंभाची तारीख ठरलेली होती, म्हणून व्यापाऱ्याने नाइलाजाने मान तुकवली. पण शिष्याच्या ते जिव्हारी लागले. आपला हात गुरूला सहन होत नाही, असेच त्याच्या मनाने घेतले. समारंभ आटोपला की व्यापाऱ्याकडे जायचे, हे त्याने पक्के केले.

समारंभाच्या दिवशी सगळे यानासमोर उभे राहिले. एक बाई तेवढ्या सरळ यानाच्या शेपटाकडे गेल्या. त्या कुमुदताई, ज्या कारागिराने हे यान घडवले त्याची मुलगी. वडिलांनी या यानासाठी गल्लीतल्या चार मुलांच्या सायकलींच्या घंटा काढून नेल्या होत्या, आणि त्यांत कुमुदताईंचीही होती. तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. रागाने त्यांनी वडिलांशी अबोला धरला, आणि तो सुटण्याआधीच वडील तापाने गेले. आपली घंटा कुणाच्या घंटेशी बदलली जाऊ नये म्हणून तिच्या आत त्यांनी कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने ‘कु’ कोरले होते. ती एकदा हातात घ्यायची होती, एवढ्यासाठीच त्या आल्या होत्या.

त्या वाकल्या. चौथ्या वाटीत अक्षरे दिसताच त्यांचा चेहरा उजळला आणि “माझी घंटा!” म्हणत त्यांनी हात पुढे केला.

“ती नव्हे, मावशी,” शिष्य म्हणाला. “ती मी केली आहे.”

बाईंनी बाकीच्या तिन्ही वाट्यांत डोकावून पाहिले. तिन्ही आतून स्वच्छ आणि गुळगुळीत होत्या. “माझ्या घंटेत मी ‘कु’ कोरलं होतं,” त्या म्हणाल्या. तेव्हा मागून वृद्ध पुढे आला.

“अक्षर होतं, ताई,” तो म्हणाला. “मी तेव्हा त्याच स्टुडिओत नवखा होतो. चित्रपट झाल्यावर यान प्रदर्शनात जायचं होतं, म्हणून या वाट्या मी आतून घासून लख्ख केल्या. एकीत काही खरवडलेलं दिसलं, ते मी डाग समजून काढून टाकलं. कोणत्या वाटीत, ते लिहूनसुद्धा ठेवलं नाही. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. तो डाग नसावा, हे मला पुढे उमगलं. अक्षर कुणाचं होतं, ते आज कळलं.” मग तो शिष्याकडे वळला. “दुसऱ्याच्या कामाला हात लावावा, पण आपला हात कुठे लागला ते तिथेच सांगून जावं. नाहीतर आपलं कौशल्यच पुढच्या माणसाशी खोटं बोलतं.”

हरवलेली वाटीच आपली असली तर, असे बाईंनी हळूच विचारले. मग चौथी वाटी सोडून उरलेल्या तिन्हींवर त्यांनी एकेक करून तळहात ठेवला. प्रत्येकीवर सारखाच वेळ.

व्यापारी हे सारे पाहत होता. दुसऱ्या दिवशी त्याने यानाजवळची ‘मूळ स्वरूपात’ ही पाटी काढून टाकली आणि शिष्याला बोलावणे पाठवले. शिष्याने येत नसल्याचा निरोप दिला. तो यानाची वही उघडून बसला होता. चौथी वाटी आपण केल्याची नोंद तीत होतीच. तिच्याखाली त्याने लिहिले, ‘उरलेल्या तीन किंवा हरवलेली एक, यांपैकी एकीत “कु” हे अक्षर होते. ते साफसफाईत पुसले गेले.’

कुणी पुसले, एवढी जागा त्याने मोकळी ठेवली आणि वही गुरूपुढे सरकवली. वृद्धाने चष्मा लावला आणि तिथे आपले नाव लिहिले.